ही गाय धर्माची नव्हती

धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही म्हण आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणाऱ्याला ती ऐकवतात. म्हण चांगली आहे, मला मान्य आहे. कुणी काही अपेक्षा न ठेवता आपल्याला काही दिलं, तर त्यात उणं काढत बसू नये, देणाऱ्याचं मन मोडू नये. पण मैत्रिणींनो, ज्या गाईचे पैसे आपण सहा वर्षं थोडे थोडे करून भरलेत, ती गाय धर्माची कशी? तिचे दात मोजायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि मोजले म्हणून कुणी आपल्याला लाजवू नये. आज मला लिहायचंय ते यावरच, म्हणजे क्रेडिट कार्डाच्या आणि हॉटेलांच्या 'पॉइंटां'वर.

हल्ली घरोघरी हा शब्द झालाय. मुलगा म्हणतो, तिकीट पॉइंटवर काढलं. शेजारच्या वहिनी म्हणतात, मिक्सर पॉइंटवर आला. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "फुकटच पडला म्हणा ना!" हे ऐकलं की मला आमची बोहारीण आठवते. दारात भांड्यांची पाटी उतरवून बसायची. आई चार जुन्या साड्या, दोन विजारी, वर एक शर्ट टाकायची, मग घासाघीस करून एक पातेलं पदरात पडायचं. ते पातेलं फुकट मिळालं असं आई कधीच म्हणाली नाही. "दोन जरीच्या साड्या गेल्यात त्यात," असं म्हणायची, आणि पातेल्याला पोचा निघाला तर पुढच्या वेळी बोहारणीला त्याचा जाबही विचारायची. बोहारीणही "फुकट दिलंय, गप्प बसा" म्हणायची नाही. बदलून देते म्हणायची. व्यवहार दोघींनाही समजलेला होता. पॉइंटांच्या बाबतीत तो एका बाजूलाच समजलाय, आणि ती बाजू आपली नाही.

तशी ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८९६ पासून दुकानदार खरेदीवर हिरवी तिकिटं देत. ती वहीत चिकटवायची, वह्या भरल्या की बदल्यात संसाराची वस्तू मिळायची. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांचे मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आपल्याकडेही चहाच्या पुड्यांची रिकामी पाकिटं जमवून चमचे मिळायचे, ते माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. म्हणजे गिऱ्हाईक परत यावं म्हणून त्याच्याच पैशातला थोडा भाग बाजूला ठेवायचा आणि नंतर त्याला तो बक्षीस म्हणून द्यायचा, एवढीच ही युक्ती आहे. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाईट आहे ते पुढे.

आमच्या लग्नाला गेल्या डिसेंबरात चाळीस वर्षं झाली. आम्ही दोघांनी ठरवलं की गाजावाजा नको, श्रवणबेळगोळला जाऊन बाहुबलींचं दर्शन घ्यायचं आणि तिथून म्हैसूरला दोन रात्री निवांत राहायचं. श्रवणबेळगोळला आम्ही यात्रेकरूंच्या धर्मशाळेत उतरलो. म्हैसूरचं हॉटेल मात्र कार्डाच्या पॉइंटांवर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका हॉटेलापुरती नाही. मोठ्या साखळीतलं, नाव ऐकून माहीत असलेलं, असं समजा. बुकिंग झाल्यावर जे पत्र आलं ते मी छापून पिशवीत ठेवलं होतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट होत्या: वरच्या मजल्यावरची, चामुंडी टेकडीच्या बाजूची, दोन स्वतंत्र पलंगांची खोली, दोघांचा सकाळचा नाश्ता, आणि सूर्यास्ताआधी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय साधं जेवण मिळेल, असं त्यांनी माझ्या विनंतीला दिलेलं उत्तर.

विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून-उतरून, ऐंशी-एक किलोमीटर गाडीत बसून आम्ही म्हैसूरला पोचलो, तेव्हा गुडघे बोलत होते. खोली मिळाली ती तळमजल्यावर, मागच्या अंगाला, एकाच पलंगाची. खिडकी उघडली तर समोर जनरेटरची खोली आणि भटारखान्याचा धूर ओढणारा पंखा. दिवसातून चार वेळा वीज गेली आणि चारही वेळा तो जनरेटर आमच्या उशाशी धडधडला. पाच वाजता जेवणाचं विचारलं, तर किचन साडेसातला उघडतं म्हणाले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मग मी पिशवीतल्या दशम्या आणि शेंगाचटणी काढली आणि लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं जेवण आम्ही त्यावर केलं. दशम्या चांगल्या होत्या, ती गोष्ट वेगळी. पण यांना साखरेचा त्रास आहे. दोन घास गरम मिळाले असते तर बरं झालं असतं.

काउंटरवरच्या मुलाला मी पत्र दाखवलं. त्याने संगणकात पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ही फ्री नाइट आहे ना. पॉइंट बुकिंगला जी खोली शिल्लक असेल ती मिळते." मी खोलीवर आले तर हे म्हणाले, "जाऊ दे गं, फुकटात तर मिळालंय." रात्री मुलाचा फोन आला, त्याला सांगितलं तर तोही तेच, "आई, पॉइंट्सवर आहे ना, दोन दिवस अ‍ॅडजस्ट कर." तिघांची वयं तीन, शिक्षण तीन तऱ्हेचं, पण शब्द एकच. मला खोलीपेक्षा त्या शब्दाचा जास्त त्रास झाला. फुकट!

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घराचा जमाखर्च लिहितेय, त्यामुळे फुकट या शब्दाचा हिशेब मला मांडता येतो. तो तुमच्यासमोर ठेवते, तुम्हीच बघा.

आमच्या कार्डावर शंभर रुपये खर्च केले की दोन पॉइंट मिळतात. त्या दोन रात्रींसाठी तीस हजार पॉइंट लागले. म्हणजे पंधरा लाख रुपयांचा खर्च त्या कार्डावरून झाला. किराणा, पेट्रोल, विम्याचे हप्ते, नातवाची फी, औषधं. याला सहा वर्षं लागली. कार्डाची वर्षाची फी पंधराशे, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,७७० रुपये. सहा वर्षांचे झाले १०,६२०. वर्षाला तीन लाख खर्च केला तर फी माफ असते, पण आमचा खर्च अडीच लाखांच्या आसपास राहतो. १,७७० रुपये वाचवायला पन्नास हजारांची नको असलेली खरेदी करायची, हे गणित मला कधीच पटलं नाही, म्हणून फी भरत आले. तीच खोली त्या दिवशी रोख पैशाने घेतली असती तर रात्रीचे सात हजार, दोन रात्रींचे चौदा हजार. चौदा हजारांतून १०,६२० वजा केले की राहिले ३,३८०. सहा वर्षांचं आमचं 'फुकट' एवढंच.

आणि तेही फुकट नाहीच. आपण दुकानात कार्ड घासतो तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून कमिशन कापलं जातं आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. सरासरी दीड टक्का धरला तरी पंधरा लाखांवर साडेबावीस हजार होतात. दुकानदार काही ते पदरचे घालत नाही, तो ते मालाच्या किमतीतच बसवतो. म्हणजे तूरडाळ घेताना आपण पॉइंटांचे पैसे आधीच दिलेले असतात. रोखीने घेणारी आपली कामवाली मावशीसुद्धा ते देते, आणि तिला तर पॉइंटही मिळत नाहीत. हा अन्याय वेगळाच, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आता कंपनीच्या वहीत बघू. पॉइंट म्हणजे हॉटेल कंपनीने मनाच्या मोठेपणाने वाटलेली खिरापत, असं आपल्याला वाटतं. तिच्या हिशेबनीसाला तसं वाटत नाही. बँक आपल्या ग्राहकांसाठी हे पॉइंट हॉटेल कंपनीकडून पैसे मोजून घेते. पैसे आले, सेवा अजून द्यायची आहे, अशा रकमेला आमच्या वेळी 'आगाऊ मिळालेले उत्पन्न' म्हणायचे आणि ती ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहायला शिकवायचे. आजही तेच आहे. आपल्या देशातल्या मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून सुरू झालेल्या हिशेबी वर्षांसाठी जे 'इंड एएस ११५' हे मानक लागू झालं, त्यात असंच सांगितलंय: ग्राहकाला पुढे वापरता येतील असे पॉइंट दिले, तर मिळालेल्या रकमेचा त्यापुरता भाग लगेच उत्पन्न म्हणून धरायचा नाही. तो देणं म्हणून बाजूला ठेवायचा. ग्राहकाने पॉइंट वापरले किंवा त्यांची मुदत संपली, की मगच तो उत्पन्नात घ्यायचा. किती लोक पॉइंट वापरायला विसरतील याचा अंदाजसुद्धा कंपन्या बांधतात, आणि त्या विसरण्याचीही हिशेबात नोंद असते.

जरा विचार करा. ज्या रात्री आम्ही जनरेटरशेजारी झोपलो, त्या रात्री कंपनीच्या वहीत आमच्या नावचं देणं फिटलं आणि तेवढं उत्पन्न जमेला पडलं. वहीत आम्ही धनको होतो. काउंटरवर मात्र आम्ही याचक झालो. एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन नावं कशी?

याचं कारण मी शोधलं, आणि ते कळल्यावर त्या काउंटरवरच्या मुलावरचा राग गेला. मोठ्या साखळ्यांमध्ये पुष्कळदा पाटीवरचं नाव एकाचं असतं आणि इमारत दुसऱ्याची. पॉइंटांचा कारभार नाववाली कंपनी बघते. पाहुणा पॉइंटांवर आला की इमारतवाल्याला तिच्या निधीतून काही रक्कम मिळते, आणि हॉटेल जवळजवळ भरलेलं नसेल तर ती रक्कम नेहमीच्या भाड्यापेक्षा बरीच कमी असू शकते. म्हणजे आपण पूर्ण मोल दिलेलं असतं, पण ते पूर्ण त्या दारापर्यंत पोचत नाही. मग दारात कमी पैशाचा पाहुणा म्हणून आपल्याकडे बघितलं जातं आणि चांगली खोली रोखवाल्यासाठी राखून ठेवली जाते. हा त्यांचा आपापसातला वाटणीचा प्रश्न आहे. सासू-सुनेच्या भांडणात पाहुण्याला उपाशी ठेवतात का? कंपनी आणि हॉटेलमालक यांनी त्यांचं काय ते बघावं. पत्रात लिहिलेली खोली पाहुण्याला मिळाली पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या एका शब्दाचं घेऊन बसलात? तर हा शब्द नुसता वागणुकीचा नाही, कायद्याचाही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलात यायला लागला, त्यात 'सेवा' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा स्पष्टपणे वगळली आहे. मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. फुकट घेणाऱ्याला या कायद्याचा आधार नाही. आता बघा, समोरचा "फ्री आहे ना" म्हणतो आणि आपण मान डोलावतो, तेव्हा आपण काय कबूल करतो? आपण मोबदला दिलाच नाही, असं. माझं मत स्पष्ट आहे. पॉइंटांचा मुक्काम विनामूल्य नाही, मोबदला आधी दिलेला मुक्काम आहे. भिशीचा नंबर लागल्यावर मिळालेल्या पैशाला आपण फुकटचे पैसे म्हणतो का? आपलेच हप्ते ते. उलट हप्ते भरून झाल्यावर कुणी भिशी बुडवली तर आपण कसे वागू?

आणखी एक गोष्ट मनात आली ती लिहूनच टाकते. कार्ड यांच्या नावावर आहे. पण ते पंधरा लाख महिन्या-महिन्याला जपून, यादी करून, जिथे स्वस्त तिथून आणून खर्च झाले ते माझ्या हातून. बिल एकदाही थकवलं नाही, त्याची तारीख माझ्या कॅलेंडरवर लाल शाईने असते. गृहिणीने राबून वाचवलेल्या गोष्टीला फुकट म्हणायची सवय समाजाला जुनीच आहे. घरातल्या कामालाही तोच शब्द लावतात. म्हणून तो मला जास्त लागला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या दाराशी पुन्हा तेच झालं, पॉइंट बुकिंगला नाश्ता नाही म्हणाले. तेव्हा मी मॅनेजरना भेटायचं म्हटलं. ते आले. मी आवाज चढवला नाही. पत्र समोर ठेवलं, तीन ओळींखाली पेनाने रेघा मारल्या आणि म्हटलं, "ही खोली मला दान मिळालेली नाही. याचे पैसे तुमच्या कंपनीला बँकेकडून मिळालेत आणि बँकेला माझ्याकडून. तुमच्या पत्रात जे लिहिलंय तेवढंच मी मागते, जास्त काही नको." ते चांगले गृहस्थ होते. दहा मिनिटांत नाश्ता मिळाला. दुपारी वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, टेकडी दिसणारी. आणि संध्याकाळी साडेपाचला गरम फुलके, दुधीची भाजी आणि साधं वरण खोलीवर आलं. मला आनंद झाला, पण मनात आलं ते हेच, की म्हणजे हे सगळं जमत होतं. खोली होती, स्वयंपाकी होता, वेळ होती. पहिल्या दिवशी फक्त आमच्या नावापुढे 'फ्री' लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: दिलगिरी, आणि 'सदिच्छा भेट' म्हणून पाच हजार पॉइंट. वाचून हसूच आलं. एका रात्रीचं पूर्ण मोल घेऊन निम्मी सेवा दिली, त्यातला काही भाग परत करायचा, तर तोही भेट म्हणून! देणं फेडतानासुद्धा यांना दातेपण सोडवत नाही. मी ते पॉइंट जमेच्या बाजूला लिहिले आणि पुढे कंसात लिहिलं, 'येणे होते, मिळाले.'

या सगळ्यात मला राहून राहून श्रवणबेळगोळची ती धर्मशाळा आठवते. दाराच्या चौकटीवर कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ म्हणून पाटी. आत दोन खाटा, स्वच्छ चादरी, पहाटे बादलीभर कढत पाणी, सूर्य मावळायच्या आत पंगत. भाडं नाममात्र. आम्ही दिलं त्यापेक्षा कितीतरी जास्त आम्हाला मिळालं. त्यातला मोठा भाग खरोखरच फुकट होता, म्हणजे कुणीतरी दान केलेला होता. पण तिथल्या एकाही माणसाने तो शब्द उच्चारला नाही. वाढणाऱ्या बाईंनी "अजून घ्या" म्हटलं, एवढंच. ज्याने खरंच दिलं तो बोलत नाही, आणि ज्याने विकलं तो मात्र फुकट दिलं म्हणून सांगतो. दान आणि व्यवहार दोन्ही आपापल्या जागी चांगले आहेत. व्यवहाराला दानाचा वेष चढवला की बिघडतं. मग देणारा आपली जबाबदारी विसरतो आणि घेणाऱ्याच्या तोंडून तक्रार निघत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, त्यापेक्षा या भानगडीतच पडू नये. ज्यांना झेपत नाही त्यांनी खरंच पडू नये. कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. वीस हजार एक महिना थकले तर सहाशे-सातशे रुपये गेले. त्याच वीस हजारांवर आमच्या हिशेबाने पॉइंट मिळतात चारशे, आणि वर सांगितलेल्या खोलीच्या भावाने त्यांची किंमत होते १८७ रुपये. तेव्हा पॉइंटांसाठी खर्च करणं म्हणजे शेपटासाठी म्हैस विकत घेणं. पण जो खर्च घराला करावाच लागतो आणि वेळच्या वेळी फेडला जातो, त्यावर मिळणारे पॉइंट सोडून का द्यायचे? ते आपलेच आहेत. फक्त ते आपले आहेत हे लक्षात ठेवून वापरायचे.

मी घरात काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. पॉइंटांना मी जमाखर्चाच्या वहीत वेगळं पान दिलंय. दर तीन महिन्यांनी किती झाले, त्यांची आजच्या भावाने रुपयांत किंमत किती आणि मुदत कधी संपते, हे लिहिते. ते फार साठवत नाही, कारण एका खोलीला किती पॉइंट लागतील हे कंपनी ठरवते आणि तो भाव ती वाढवू शकते. साठवलेल्या पॉइंटांवर व्याज मिळत नाही, उलट ते झिजतात. बुकिंगचं पत्र छापून घेते आणि निघायच्या दोन दिवस आधी हॉटेलला स्वतः फोन करून खोली, नाश्ता, जेवणाची वेळ पुन्हा विचारते, उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवते. काही कमी पडलं तर तिथल्या तिथे, शांतपणे, पत्र दाखवून सांगते. घरी येऊन चडफडण्यात अर्थ नाही. एवढ्यानेही भागलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. प्रत्येक वेळी तिथवर जायची गरज नसते. पण दार कुठे आहे हे माहीत असलं की आपला आवाज आपोआप स्थिर राहतो.

कंपन्यांनाही एक सांगावंसं वाटतं. पॉइंटांवर आलेल्या पाहुण्याच्या नावापुढे काउंटरवरच्या संगणकात 'फ्री' लिहू नका, 'पैसे आधी मिळाले' असं लिहा. एवढा एक शब्द बदलला तर त्या मुलाच्या तोंडचं वाक्य बदलेल. तोही बिचारा बारा तास उभा असतो, त्याला जे दिसतं तेच तो बोलतो.

आणि घरच्यांना माझं सांगून झालंय. आमच्या घरात आता "पॉइंटवर फुकट मिळालं" असं कुणी म्हटलं की नातूसुद्धा दुरुस्त करतो, "आजी म्हणते, फुकट नाही, येणं होतं." तुम्हीही तुमच्या वहीत तसंच लिहा. धर्माची गाय मिळाली तर तिला हळदकुंकू वाहून घरात घ्या, दात बघू नका. विकत घेतली असेल तर मात्र दावणीला बांधायच्या आधी तिचं तोंड उघडून दात नीट मोजा.